जाळण्याआधी नाव कळू द्या : उन्हामुळे त्वचेवर येणाऱ्या कर्करोगपूर्व चट्ट्यांची ओळख आणि उपचार

माझ्या मामांच्या डोक्यावरचा चट्टा सापडला तो मामींच्या बोटांना. रविवारी तेल लावताना उजव्या कानाच्या वर, केस विरळ झालेल्या जागी, वाळूचा कण चिकटून बसावा तसे काहीतरी खरखरीत लागत होते. नखाने काढले की पांढरट पापुद्रा निघायचा, खाली लालसर जागा दिसायची आणि आठ-दहा दिवसांत पापुद्रा त्याच जागी पुन्हा धरायचा. मामा मूळचे गोरे, साठी ओलांडलेले आणि करवीर तालुक्यातल्या शेतात चाळीस वर्षे उसाच्या मागे उन्हात राबलेले. "कोंडा असंल," म्हणून त्यांनी दोन वर्षे काढली. मधल्या काळात कुणी बिब्बा लावायला सांगितले, तर कुणी मेडिकलमधून खाजेची ट्यूब आणून दिली. ट्यूबने चार दिवस लाली कमी झाली आणि तेवढ्याने सगळ्यांचे समाधान झाले. शेवटी निदान झाले ते 'ॲक्टिनिक केराटोसिस' असे. त्या निमित्ताने जे वाचले, डॉक्टरांना विचारले आणि जवळून पाहिले, ते येथे क्रमाने मांडत आहे.

आधी आजार काय आहे ते समजून घ्या

त्वचेच्या सर्वांत वरच्या थरातील पेशी वर्षानुवर्षे अतिनील किरण झेलत राहिल्या की त्यांच्या डीएनएमध्ये लहान लहान बिघाड साचत जातात. शरीर ते दुरुस्त करत असते. पण पी-५३ नावाचे जे जनुक बिघडलेल्या पेशीला वाढण्यापासून रोखते, तेच कधीकधी उन्हाने निकामी होते आणि त्या पेशीचे वेडेवाकडे वंशज वरच्या थरात पसरू लागतात. त्यांच्यावर जाड, कोरडा खवला साचतो. हाच तो चट्टा. तो कर्करोग नव्हे, पण कर्करोगाच्या वाटेवर उभा असलेला बदल आहे. या वाटेवरचा कर्करोग म्हणजे 'स्क्वॅमस सेल कार्सिनोमा'. एका चट्ट्याचे वर्षभरात त्यात रूपांतर होण्याची शक्यता बहुतेक अभ्यासांत १ टक्क्याहून कमी आढळली आहे, आणि काही चट्टे आपोआप विरतातही. मात्र कोणता चट्टा विरेल आणि कोणता पुढे जाईल हे आज तरी कुणालाच पाहून सांगता येत नाही. ज्याच्या अंगावर दहा-पंधरा चट्टे आहेत त्याचा धोका अर्थातच वाढत जातो. म्हणून घाबरण्याचे कारण नसले तरी उपचार करावेत असे डॉक्टर सांगतात.

हा काही समुद्रकिनारी ऊन खात पडणाऱ्यांचाच आजार नाही. १८९० च्या दशकात हॅम्बुर्गचे त्वचारोगतज्ज्ञ पॉल उना यांनी खलाशांच्या त्वचेवर या बदलांचे वर्णन केले आणि त्याच सुमारास फ्रान्समध्ये बोर्दोच्या दुब्रेय यांचे लक्ष द्राक्षमळ्यांत राबणाऱ्या माणसांकडे गेले. म्हणजे पहिले रुग्ण आपल्याकडच्या शेतकऱ्यांसारखेच, पोटासाठी उन्हात उभे राहणारे होते.

आपल्याकडे कोणाला होतो?

एक गोष्ट आधीच स्पष्ट केली पाहिजे, कारण इंटरनेटवर मिळणारी बहुतेक माहिती गोऱ्या कातडीच्या लोकांसाठी लिहिलेली असते. गहूवर्णी आणि सावळ्या त्वचेत हा आजार विरळाच आढळतो. आपल्या त्वचेच्या पेशींमध्ये मेलॅनिन या रंगद्रव्याचे कण केंद्रकाच्या वरच्या बाजूला गोळा होतात आणि रोप लावणीच्या वेळी बाईच्या पाठीवर इरले असावे तसे डीएनएला झाकून धरतात. त्यामुळे चाळिशीनंतर चेहऱ्यावर येणारा प्रत्येक काळा ठिपका या आजाराचा समजू नये; तो बहुधा नसतोच.

तरीही काही जणांनी अधिक सावध असावे. उजळ वर्णाची, टक्कल पडलेली, आयुष्यभर उन्हात काम केलेली पन्नाशीपुढची माणसे हा पहिला गट. जन्मतः रंगद्रव्य नसलेल्या, म्हणजे अल्बिनिझम असलेल्या व्यक्तींना हे चट्टे विशीत किंवा तिशीतही येऊ शकतात आणि त्यांच्यासाठी उन्हापासूनचे संरक्षण हाच मुख्य उपचार होय. मूत्रपिंड प्रत्यारोपणानंतर प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांमध्ये असा चट्टा कर्करोगाकडे अधिक वेगाने सरकतो. कोड असलेल्यांच्या मनात या बाबतीत मोठी भीती असते, परंतु कोडामुळे त्वचेच्या कर्करोगाचा धोका वाटतो तसा वाढत नाही असे मोठ्या अभ्यासांत दिसले आहे. पांढऱ्या जागा उन्हात भाजतात म्हणून त्या झाकाव्यात, एवढे पुरे. रक्तदाबासाठी दिल्या जाणाऱ्या हायड्रोक्लोरोथायझाइड या औषधाने त्वचा उन्हाला अधिक संवेदनशील होते आणि दीर्घकाळच्या वापराशी स्क्वॅमस कर्करोगाचा संबंध आढळला आहे. ती गोळी मनाने बंद करू नये, पण चट्टे असतील तर डॉक्टरांना ती चालू असल्याचे जरूर सांगावे.

कोल्हापूरचे ऊन

कोल्हापूर सुमारे १६.७ अंश उत्तर अक्षांशावर, समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंचीवर आहे. येथे सूर्य वर्षातून दोनदा, मे आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्याच्या सुमारास, थेट डोक्यावर येतो. शाळेतली मुले पटांगणात काठी उभी करून शून्य सावली पाहतात ती याच दिवसांत. ऑगस्टमध्ये आभाळ भरलेले असल्याने चटका जाणवत नाही, पण पातळ ढगांतून अतिनील किरण बऱ्याच प्रमाणात खाली येतात आणि चटका व अतिनील किरण या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. गुऱ्हाळाच्या चुलवाणापुढे किंवा फाउंड्रीच्या भट्टीपुढे अंग भाजून निघते, त्या धगीत अतिनील किरण नसतात म्हटले तरी चालेल. उलट उद्यमनगरातल्या एखाद्या शेडमध्ये सावलीत बसून वेल्डिंग करणाऱ्याच्या गळ्यावर आणि मनगटांवर मात्र ते रोज पडत असतात.

घड्याळ नसले तरी एक साधे माप आहे. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असेल तर किरण तीव्र आहेत असे समजावे.

बोटाने तपासा, मग डोळ्याने

महिन्यातून एकदा, आंघोळीनंतर अंग कोरडे झाल्यावर, बोटाचे टोक हलकेच फिरवून कपाळ, नाकाचा कणा, गालाची हाडे, कानाच्या पाळीची वरची कड, टक्कल, मानेची मागची बाजू, हाताचा पंजा आणि मनगटापासून कोपरापर्यंतचा भाग तपासावा. सुरुवातीचा चट्टा दिसण्याआधी लागतो. स्पर्श बारीक पॉलिश पेपरसारखा असतो, आकार बहुधा मिलिमीटरपासून सेंटिमीटरपर्यंत; रंग लालसर, त्वचेसारखा किंवा आपल्या वर्णात तपकिरीही असू शकतो. तेल, मलम, व्हॅसलीन लावून खरखर तात्पुरती कमी होते आणि तिथेच परतते. हे 'तिथेच परतणे' मला सर्वांत महत्त्वाची खूण वाटते, कारण नुसता कोरडेपणा असा एका जागेशी इमान राखत नाही.

खालच्या ओठाकडे वेगळे लक्ष द्यावे. ओठ सतत कोरडा, भेगाळलेला, त्याची त्वचेशी असलेली स्पष्ट रेघ पुसट झालेली आणि मध्ये पांढरट खवला, अशी अवस्था म्हणजे ओठावरचा हाच आजार असू शकतो. आपल्याकडे ओठाच्या आत तंबाखूची चिमूट ठेवण्याची आणि मिश्री लावण्याची सवय असल्याने ऊन आणि तंबाखू दोन्ही एकाच ओठाला गाठतात. ओठावरचा कर्करोग गळ्यातील गाठींकडे पसरण्याची शक्यता इतर त्वचेवरच्या कर्करोगापेक्षा जास्त असते, त्यामुळे तेथे 'बघू पुढच्या महिन्यात' असे म्हणू नये.

हुबेहूब तसेच दिसणारे दुसरे बरेच काही असते. मेणाचा थेंब वरून चिकटवल्यासारखा तपकिरी उंचवटा हा सेबोरिक केराटोसिस, गालांवर बारीक काळ्या मोत्यांसारखे पसरणारे दाणे, लोंबणारी चामखीळ, गालावरचा सपाट वांग, हे सारे निरुपद्रवी. गजकर्ण कडेने पसरते व खाजते. प्रतिकारशक्तीच्या बिघाडातून होणाऱ्या ल्युपसचा चट्टा गालावर, कानावर येतो आणि मागे व्रण ठेवतो. ज्या चट्ट्यावर टोचलेले कळत नाही तो कुष्ठरोगासाठी तपासावा लागतो. ही यादी घरी निदान करण्यासाठी दिलेली नाही. स्वतःचा अंदाज किती सहज चुकू शकतो हे कळावे म्हणून दिली आहे.

चट्टा जाड होऊन बुडाशी घट्ट लागू लागला, दाबल्यावर दुखू लागला, रक्त येऊ लागले, चार आठवड्यांत न भरणारी जखम झाली किंवा काही आठवड्यांत झपाट्याने वाढला, तर वेळ न घालवता तज्ज्ञाकडे जावे.

या टप्प्यावर काय करू नये

चामखिळीला घोड्याचा केस बांधणे, चुना आणि सोडा कालवून लावणे, बिब्ब्याचे तेल लावणे हे आपल्याकडे अजून चालते. पार्लरमध्ये मशीनने 'तीळ काढून' देणारेही आहेत. माझा सर्वांत मोठा आक्षेप येथेच आहे. एकदा वरचा थर जळाला की तो काय होता हे सांगणारा पुरावाच जातो; जखम वरून भरते आणि खाली काही शिल्लक असेल तर ते व्रणाखाली मुकाट वाढत राहते. मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या स्टिरॉइड मिसळलेल्या ट्यूबांचे तसेच आहे. त्यांनी लाली दबते, रूप बदलते, आणि डॉक्टरांसमोर चट्टा येतो तेव्हा त्याची ओळखच पुसलेली असते. मामांच्या बाबतीत डॉक्टरांनी पहिला प्रश्न हाच विचारला होता की, "आजवर यावर काय काय लावलंय?" अशा वेळी लाजू नये, ट्यूब सोबत न्यावी.

निदान

त्वचारोगतज्ज्ञाकडेच जावे. कोल्हापुरात खासगी दवाखाने पुष्कळ आहेत. सरकारी सेवा हवी असेल तर राजर्षी छत्रपती शाहू महाराज शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाशी संलग्न असलेले छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय, म्हणजे आपले सीपीआर, येथील त्वचारोग विभागाच्या बाह्यरुग्ण कक्षात दाखवता येते. तेल, पावडर न लावता जावे. डॉक्टर डर्मोस्कोप नावाच्या प्रकाशमान भिंगातून चट्टा पाहतात. गोऱ्या त्वचेत बहुधा तेवढ्यावर निदान होते. आपल्याकडे आजार विरळा असल्याने आणि सारखे दिसणारे इतर आजार जास्त असल्याने तुकडा तपासणीचा आग्रह धरणे मला योग्य वाटते.

ही तपासणी दिसते तेवढी भयंकर नसते. जागा बधिर करणारे इंजेक्शन मुंगी चावल्यासारखे झोंबते, मग तीन-चार मिलिमीटरचा तुकडा काढून फॉर्मालिनच्या बाटलीत टाकतात, गरज असल्यास एखादा टाका घालतात. "तुकडा काढला की कॅन्सर पसरतो," हे वाक्य मामांना भावकीतल्या तीन जणांनी तरी ऐकवले. त्याला आधार नाही. अहवालात बदल वरच्या थराच्या खालच्या भागापुरता आहे, पूर्ण जाडीचा आहे की खालच्या थरात उतरला आहे, हे लिहिलेले असते. पहिला म्हणजे केराटोसिस, दुसरा बहुधा बोवेनचा आजार (वरच्या थरातच थांबलेला कर्करोग), तिसरा खाली उतरलेला कर्करोग. तिसऱ्यासाठी शस्त्रक्रिया लागते आणि पुढचा मजकूर त्याला लागू नाही.

उपचाराची निवड

चट्टे एक-दोनच असतील तर त्या त्या जागेवर उपचार होतो. पुष्कळ असतील तर सबंध उन्हे खाल्लेल्या पट्ट्यावर. कारण दिसणाऱ्या चट्ट्यांच्या आजूबाजूच्या साध्या दिसणाऱ्या त्वचेतही बिघडलेल्या पेशी असतात.

एकट्या चट्ट्यासाठी सर्वाधिक वापरला जाणारा उपचार म्हणजे गोठवणे. उणे १९६ अंश सेल्सिअसचा द्रवरूप नायट्रोजन फवाऱ्याने सोडतात. आमच्या जिल्ह्यात दूधवाल्या घरांना हा नायट्रोजन नवा नाही, कृत्रिम रेतनाच्या मात्रा ज्या कॅनमध्ये येतात त्यातून निघणारी पांढरी वाफ सगळ्यांनी पाहिलेली असते. मामांनीही टेबलावर झोपल्या झोपल्या तोच विनोद केला. फुस्स असा आवाज, चट्ट्यावर उमटत गेलेले पांढरे बर्फाचे वर्तुळ, आणि ते विरघळताना झालेली खरी जळजळ. सगळे मिळून दोन मिनिटांचे काम. दुसऱ्या दिवशी फोड आला, पुढे खपली धरली आणि दोन आठवड्यांच्या आत गळाली.

येथे एक तिढा आहे. ऑस्ट्रेलियातील २००४ च्या एका अभ्यासात ५ सेकंदांहून कमी गोठवलेले चट्टे ३९ टक्के, तर २० सेकंदांहून जास्त गोठवलेले ८३ टक्के पूर्ण बरे झाले. पण गोठवण्याचा वेळ वाढला की रंगद्रव्य तयार करणाऱ्या पेशी मरतात आणि पांढरा डाग राहतो. युरोपीय माणसाच्या कपाळावर तो उठून दिसत नाही. आपल्या वर्णावर तो कोडासारखा दिसतो आणि एखाद्या लग्नाच्या मुलीच्या बाबतीत तर घरादाराला छळतो. म्हणून चेहऱ्यावर गोठवण्यापूर्वी "डाग राहील का?" हे डॉक्टरांना स्पष्ट विचारावे. जाड चट्टा कधी खरवडून काढतात व बुडाला विद्युतदहन करतात. त्यात तपासणीसाठी तुकडाही मिळतो.

पट्ट्यावर लावण्याच्या औषधांत ५ टक्क्यांचे ५-फ्लुरोयुरॅसिल क्रीम सर्वांत भरवशाचे. नेदरलँड्समध्ये ६२४ रुग्णांवर झालेल्या, २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत वर्षभरानंतर या क्रीमचे यश सुमारे ७५ टक्के, इमिक्विमॉड या दुसऱ्या क्रीमचे ५४ टक्के आणि औषध लावून प्रकाश सोडण्याच्या उपचाराचे ३८ टक्के होते. साधारण पद्धत अशी की, जागा धुऊन कोरडी करावी, दिवसातून दोनदा अगदी पातळ थर लावावा, डोळ्यांच्या व ओठांच्या कडा टाळाव्यात आणि हात साबणाने धुवावेत. मुदत बहुधा दोन ते चार आठवडे. नेमकी मुदत डॉक्टर ठरवतात.

या क्रीमबद्दल आधी सांगितले नाही तर माणसे ते अर्ध्यावर सोडतात. पहिल्या आठवड्यात फारसे काही होत नाही. दुसऱ्यात लाली आणि जळजळ सुरू होते, आणि कालपर्यंत न दिसलेल्या जागाही लाल होतात. औषधाने लपलेले चट्टे शोधून काढल्याची ती खूण आहे. तिसऱ्या आठवड्यात मामांचे डोके तव्यावर टेकल्यासारखे दिसत होते, ठिकठिकाणी सोलवटलेले आणि खपल्यांनी भरलेले. शेजारी विचारू लागले की, भाजले की काय? औषध थांबवल्यावर साधे व्हॅसलीन लावत तीन आठवड्यांत कातडी गुळगुळीत झाली. पू, ताप किंवा असह्य वेदना असेल तर मात्र थांबून डॉक्टरांना दाखवावे. गरोदर व स्तनपान देणाऱ्या स्त्रियांनी हे क्रीम वापरू नये. घरात कुत्रे-मांजर असेल तर ट्यूब कपाटात बंद ठेवावी आणि औषध लावलेली जागा त्यांना चाटू देऊ नये. अगदी थोडे पोटात गेले तरी त्यांच्या जिवावर बेतू शकते.

हंगामाचाही विचार करावा. या क्रीमच्या काळात ऊन टाळावे लागते. मामांनी जुलै निवडला. ऊस कारखान्याला केव्हाच गेलेला, पंचगंगा पात्राबाहेर, आणि माणूस आपसूक घरात. एप्रिलमध्ये हा कोर्स सुरू करणे आपल्या भागात शहाणपणाचे नाही.

इमिक्विमॉड आठवड्यातून दोनदा, सोळा आठवड्यांपर्यंत लावतात. ते शरीराच्याच प्रतिकारशक्तीला जागे करते आणि कधी फ्लूसारखी कणकण आणते. डायक्लोफेनॅकचे जेल सौम्य असते, पण ते ३ टक्क्यांचे असावे लागते व दोन-तीन महिने लावावे लागते. कंबरदुखीसाठी घरात पडलेली ट्यूब सुमारे १ टक्क्याची असते आणि या कामाची नाही. प्रकाशोपचार सगळीकडे मिळत नाही.

पुन्हा येऊ नयेत म्हणून

१९९३ साली प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातील चाचणीत एका उन्हाळ्यापुरते नियमित सनस्क्रीन लावणाऱ्यांमध्ये नवे चट्टे कमी आले आणि जुन्यांपैकी अधिक विरले. म्हणजे साठीतही उशीर झालेला नसतो. एसपीएफ ३० किंवा अधिक, अतिनील किरणांचे यूव्हीए आणि यूव्हीबी हे दोन्ही प्रकार अडवणारे सनस्क्रीन घ्यावे. चेहरा, कान आणि मान यांसाठी दोन बोटांच्या लांबीइतके लागते आणि घाम येत असेल तर दर दोन तासांनी पुन्हा लावावे लागते. खरे सांगायचे तर भांगलण करणारी बाई दर दोन तासांनी बांधावर येऊन क्रीम लावणार नाही, तेव्हा भर कपड्यावर असावा. गांधी टोपी टक्कल झाकते, पण कान, नाक आणि मान उघडीच ठेवते. टॉवेल डोक्यावरून कानांखाली घेऊन मानेवर सोडणे किंवा सर्व बाजूंनी तीन इंच काठ असलेली टोपी घालणे जास्त कामाचे. कापड प्रकाशाकडे धरल्यावर आरपार दिसत असेल तर ते पातळ आहे. पूर्ण बाह्यांचा जुना जाड शर्ट अंगात असावा आणि औषध फवारणी, पाणी पाजणे अशी पुढेमागे करता येणारी कामे सकाळी दहाच्या आत किंवा दुपारी चारनंतर घ्यावीत.

बरे झाल्यावरही सहा ते बारा महिन्यांनी तपासणी करावी. प्रत्यारोपण झालेल्यांनी याहून लवकर. घरी प्रत्येक चट्ट्याचा फोटो एक रुपयाचे नाणे शेजारी ठेवून, एकाच उजेडात आणि तारखेसह काढून ठेवावा, म्हणजे वाढ झाली की नाही यावर वाद होत नाही. मामींच्या मोबाइलमध्ये असे अकरा फोटो आहेत. जानेवारीच्या तपासणीत डाव्या कानाच्या कडेवर, टॉवेल जिथून रोज सरकतो नेमक्या तिथे, ज्वारीच्या दाण्याएवढी नवी खरखर डॉक्टरांच्या बोटाला लागली आणि भिंगातून नीट पाहून तिचा तुकडा तपासणीला पाठवला गेला. अहवाल पुन्हा तोच, सुरुवातीचा, आला आणि पुढच्या भेटीत तो चट्टा गोठवून टाकला.